दोरी धरणारे

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजची गोष्ट तपकिरीच्या एका डबीपासून सुरू होते. २ ऑक्टोबर १७९२ हा दिवस. इंग्लंडमधल्या केटरिंग या लहानशा गावात एका विधवा बाईंच्या घरी डझनभर माणसे जमली होती. बहुतेक जण खेड्यापाड्यांतल्या बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक. मिळकत बेताची, संसार मोठे. दूरदेशी माणसे पाठवून तिथल्या लोकांना शिकवायचे, आपला धर्म सांगायचा, असा ठराव त्यांनी केला. ठराव करायला पैसे लागत नाहीत, जहाजाला मात्र लागतात. तेव्हा अँड्र्यू फुलर या उपदेशकांची तपकिरीची डबी पुढे आली, असे सांगतात. जमलेल्या प्रत्येकाने आपण किती देणार ते चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठी डबीत टाकायची. बेरीज झाली १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स.

त्या खोलीत विल्यम केरी नावाचा एक तरुण होता. कधी काळी जोडे शिवणारा, मग शाळा चालवणारा, मग उपदेशक. पुढच्याच वर्षी तो बंगालमध्ये उतरला. त्याचे नाव आपल्याला परके नाही. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत असे. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठीचे व्याकरण केले, ते १८०५ साली छापून निघाले. १८१० साली मराठी कोश आला. मी मराठीत चार ओळी लिहिणारा माणूस. माझ्या भाषेच्या अगदी सुरुवातीच्या छापील व्याकरणांपैकी एकाचा धागा मागे ओढत नेला, तर तो या तपकिरीच्या डबीपाशी जातो. याची मला नेहमी गंमत वाटते.

या फुलरांनी आपल्या कामाला एक उपमा दिली होती. एक खोल खाण आहे, तिच्यात कुणी उतरलेले नाही. केरी उतरायला तयार आहे, पण वर दोरी धरायला माणसे हवीत. आपल्याकडे ज्यांनी विहीर खणताना पाहिली आहे, त्यांना ही उपमा समजावून सांगायला नको. खाली पहार मारणारा एकटा असतो. वर काठावर चार जण असतात. पाणी लागले की गाव खाली उतरलेल्याचे नाव घेते. पण वरच्यांच्या हाताला फोड आलेले असतात, हे कुणी फारसे बघत नाही.

आज मला या वरच्या माणसांविषयी बोलायचे आहे. श्रद्धेपोटी कुणी परक्या मुलखात शिकवायला जातो, तेव्हा त्याच्यासाठी पैसे कोण जमवते? कसे जमवते? आणि त्या पैशाबरोबर काय काय येते?

आता अमेरिकेत जाऊ. १८०२ साली बॉस्टनमध्ये एका बाईंनी साधी कल्पना काढली. प्रत्येक बाईने आठवड्याला एक सेंट बाजूला ठेवायचा. वर्षाचे झाले बावन्न सेंट. घरच्या व्यवहारात नवऱ्याच्या नजरेलाही येणार नाही, एवढीशी रक्कम. या कल्पनेला सेंट सोसायटी असे नाव पडले आणि गावोगावी बायकांची अशी मंडळे निघाली. ज्या बायकांना चर्चमध्ये बोलण्याचा अधिकार नव्हता, मत नव्हते, स्वतःच्या नावावर मालमत्ता नव्हती, त्यांच्या हाती हा सेंट होता.

१८१० साली तिथे परदेशी मिशनांसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देऊन हिंदुस्थानकडे रवाना करण्यात आले. जहाज सुटायची वेळ आली, तरी पुरेसे पैसे नव्हते. मग काही आठवड्यांत वर्गणीची अशी रीघ लागली की, सहा हजार डॉलरांच्या वर रक्कम जमली. गेलेल्यांत सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची पत्नी हॅरिएट होती. हॅरिएट तेव्हा अठरा वर्षांची. कलकत्त्याला पोहोचल्यावर कंपनी सरकारने त्यांना राहू दिले नाही. तिथून मॉरिशसकडे जाताना तिची मुलगी जन्मली आणि गेली. पाठोपाठ नोव्हेंबर १८१२ मध्ये मॉरिशसला हॅरिएटही गेली. तिने एकाही मुलाला एक अक्षरही शिकवले नव्हते. पण तिची पत्रे आणि आठवणी यांचे पुस्तक निघाले, ते अमेरिकेत घरोघरी वाचले गेले आणि त्याने पुढच्या कित्येक मोहिमांना माणसे आणि पैसे मिळवून दिले.

इथे मी जरा थबकतो. एका पोरीच्या मरणावर वर्गणी वाढते, हे ऐकून मनाला बरे वाटत नाही. पण मदत मागणाऱ्याला हे गुपित तेव्हापासून ठाऊक आहे. आकड्याने खिसा उघडत नाही, चेहऱ्याने उघडतो. आज रस्त्यावरच्या फलकावर उपाशी मुलाचा मोठ्ठा फोटो लावतात, त्याची मुळे इतकी जुनी आहेत.

न्यूएल आणि त्यांचे सोबती गॉर्डन हॉल शेवटी मुंबईला आले. मराठी शिकले, शाळा काढल्या. या दोघांनी मिळून एक पुस्तक लिहिले, ते १८१८ साली अमेरिकेत छापले गेले. जगातल्या साठ कोटी लोकांचा आपल्यावर हक्क आहे, अशा अर्थाचे त्याचे उपशीर्षक. किती माणसे लागतील, किती खर्च येईल, याचे त्यात गणित मांडलेले. म्हणजे आमच्या मुंबईत बसून लिहिलेले ते वर्गणीचे आवाहनच. हॉल पुढे १८२६ साली नाशिककडे गेले असताना पटकीने वारले.

आणि मग १८२७ च्या डिसेंबरात मुंबईच्या बंदरात एक बाई उतरल्या. सिंथिया फरार. न्यू हॅम्पशायर प्रांतातल्या मार्लबरो गावच्या. वय बत्तीस, अविवाहित. एकट्या बाईला शिक्षिका म्हणून समुद्रापार पाठवण्याच्या अमेरिकन बोर्डाच्या अगदी सुरुवातीच्या प्रसंगांपैकी हा एक. मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा सांभाळल्या. तब्येत बिघडली म्हणून मध्ये मायदेशी गेल्या. वाटले असते तर तिथेच राहिल्या असत्या. पण १८३९ साली परत आल्या, त्या अहमदनगरला. आज त्या शहराचे नाव अहिल्यानगर आहे. तिथेच मुलींना शिकवत त्या राहिल्या आणि १८६२ साली तिथेच वारल्या.

या फरारबाईंची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली होती. ‘ज्ञानोदया’त १८५३ साली आलेल्या निवेदनात त्यांनी स्वतःच हे नमूद केले आहे. नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून त्यांना समाधान वाटले, आणि पुण्यात तसे काही करावे, हा विचार बळावला. १८४८ साली पुण्यात शाळा निघाली. सावित्रीबाई उभ्या राहिल्या. सावित्रीबाईंनी ऑक्टोबर १८५६ मध्ये जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा हे नाव येते. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, अशी त्यात काळजी आहे. फातिमेविषयी अलीकडे बरेच वाद झाले. मी त्यांत शिरत नाही. एका पत्रातला एक उल्लेख, एवढे मला पुरेसे आहे. एका मुसलमान घरातल्या मुलाला ते नाव त्या कागदावर बघून काय वाटले असेल, ते तुम्ही समजून घ्याल.

तर पाहा, हा प्रवास कसा झाला. बॉस्टनजवळच्या कुठल्या तरी खेड्यातली बाई. तिने लोणी विकून, लोकर कातून एक सेंट बाजूला ठेवला. तो सेंट गावच्या मंडळात, तिथून बोर्डात, तिथून जहाजात, मुंबईत, नगरात आला. बोर्डाच्या ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकात देणग्यांच्या लांबलचक याद्या छापून येत. गावाचे नाव, मंडळाचे नाव, डॉलर आणि सेंट. कवितेपेक्षा मला कधी कधी असल्या याद्या जास्त बोलक्या वाटतात. त्या बाईला नगर कुठे आहे, हे माहीत नव्हते. जोतिरावांचे नाव तर तिच्या कानी पडणेच शक्य नव्हते. तिला वाटत होते, आपल्या सेंटने परदेशातल्या मुली येशूच्या पायाशी येतील. प्रत्यक्षात काय झाले? काही मुली आल्या, बहुतेक आल्या नाहीत. पण अक्षर आले. मुलीला शिकवता येते, हे डोळ्यांनी पाहता आले.

मुलांनाही या कामात ओढण्याची युक्ती बोर्डाला पुढे सापडली. १८५६ साली प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया बेटांसाठी एक जहाज बांधायचे होते. बोर्डाने रविवारच्या शाळेतल्या मुलांना दहा दहा सेंटचे शेअर विकले आणि प्रत्येकाला छापील प्रमाणपत्र दिले. जहाजाचे नाव ‘मॉर्निंग स्टार’, म्हणजे पहाटेचा तारा. कल्पना करा, अमेरिकेतल्या एखाद्या पोराने दहा सेंट दिले आणि आता तो एका जहाजाचा भागीदार आहे! भिंतीवर प्रमाणपत्र टांगून तो शेजारच्या पोराला सांगत असेल, माझे जहाज समुद्रात आहे.

थेंबाथेंबाने तळे साचवणे ही काही फक्त अमेरिकेची मिरास नाही. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा. त्यातून तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. अनेक वसतिगृहांसाठी मुष्टिफंड असे. बाईने दळायला बसण्यापूर्वी मूठभर धान्य वेगळे काढायचे. मिझोराममध्ये तर आजही ख्रिस्ती घरांतली बाई भात रांधताना प्रत्येक वेळी मूठभर तांदूळ बाजूच्या डब्यात टाकते. तो तांदूळ चर्च गोळा करते, विकते आणि त्या पैशातून दूरदूरच्या भागांत शिक्षक आणि उपदेशक पाठवते. त्यांच्या भाषेत याला बुहफाई थाम म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. एके काळी ज्या डोंगरांत बाहेरचे मिशनरी वर्गणीच्या पैशावर आले, तिथलीच घरे आज दुसऱ्यांसाठी दोरी धरून उभी आहेत.

आणि आमच्याकडे? रमजान सुरू झाला की, उत्तर प्रदेश-बिहारकडच्या मदरशांचे सफीर मुंबई-पुण्याला येतात. सफीर म्हणजे दूत. काखेत पिशवी, पिशवीत पावतीपुस्तक, कुणा मोठ्या आलिमाची शिफारस. रोजा धरलेला माणूस मशिदीच्या दाराशी उन्हात उभा असतो. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग. तो कुणाला द्यावा, याचे आठ प्रकार कुराणात सांगितले आहेत. गरीब, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला मुसाफिर असे. जकातीचा नियम कडक आहे. ज्याचा हक्क आहे, त्याच्या हाती ती पोहोचली पाहिजे. इमारतीला रंग द्यायला ती नाही. याउलट तबलीगच्या जमातीचा नियम असा की, जाणाऱ्याने आपल्याच खर्चाने जायचे. कुणापुढे हात पसरायचा नाही. बिछाना आपला, शिधा आपला, तिकीट आपले. दोन्ही रीतींत शहाणपण आहे. स्वतःच्या पैशाने जाणारा कुणाचा मिंधा नसतो. पण मग ज्याच्याकडे पैसा आहे, तोच जाऊ शकतो.

मिंधेपणाचा मुद्दा निघालाच आहे, तर पंडिता रमाबाईंची आठवण काढली पाहिजे. त्या उलट्या दिशेने गेल्या. इथल्या विधवांच्या शाळेसाठी अमेरिकेत पैसे जमवायला. १८८६ ते १८८८ अशी दोनअडीच वर्षे त्या अमेरिकेत फिरल्या, थेट पश्चिम किनाऱ्यापर्यंत. हिंदू उच्चवर्णीय स्त्रीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते विकले. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली. गावोगावी रमाबाई सर्कल नावाची मंडळे झाली. सभासदाने वर्षाला एक डॉलर, असे दहा वर्षे द्यायचे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, ते पुढच्या वर्षी पुण्याला आले. देणाऱ्यांत वेगवेगळ्या पंथांचे लोक होते, म्हणून शाळेत धर्म शिकवायचा नाही, असे ठरले होते. पण रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या. त्या पहाटे प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली जाऊन बसत. पुण्यात गहजब झाला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार मंडळातले लोक १८९३ साली बाहेर पडले. कितीतरी मुलींची नावे शाळेतून काढली गेली.

या प्रकरणात कुणाला दोषी ठरवावे, असे मला वाटत नाही. आपल्या घरात प्रार्थना करण्याचा हक्क रमाबाईंचा होता. मुलींच्या आईबापांचा विश्वास सांभाळणे ही रानड्यांची जबाबदारी होती. पण वर्गणीच्या पैशात देणाऱ्याचे मन मिसळलेले असते, हे यातून कळते. ते मन एकाचे नसते, हजारांचे असते आणि प्रत्येकाला वेगळेच काही हवे असते.

आता आजच्या काळात येऊ. अमेरिकेत शाळा-कॉलेजात शिकणारी हजारो मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत चर्चतर्फे परदेशी जातात. कुणी घर बांधायला, कुणी इंग्रजी शिकवायला. जाणाऱ्याने आपला खर्च स्वतः जमवायचा असतो. त्यासाठी तो नातेवाइकांना, ओळखीच्यांना पत्र लिहितो. मी कुठे जाणार, काय करणार, किती पैसे हवेत, आणि तुम्ही पैसे देऊ शकत नसलात तर माझ्यासाठी प्रार्थना करा. शनिवारी पोरे चर्चच्या आवारात लोकांच्या मोटारी धुतात, घरी केलेले केक विकतात, जेवणावळ घालून तिकीट लावतात. भिंतीवर तापमापीचे मोठे चित्र असते, पैसे जमतील तसा लाल रंग वर चढवायचा. तिथल्या करकायद्यात एक चांगली अट आहे. देणगीवर सवलत हवी असेल, तर ती संस्थेला दिली पाहिजे आणि तिच्या खर्चावर संस्थेचा ताबा पाहिजे. अमुक पोराच्या खिशात पडावी म्हणून दिलेल्या पैशावर सवलत नाही.

असे एक पत्र दोनेक वर्षांपूर्वी माझ्या हाती आले. माझे एक जुने मित्र आहेत, निवृत्त शिक्षक, नगरकडचे मराठी ख्रिस्ती. त्यांची नात अमेरिकेत कॉलेजात शिकते. लहानपणी सुट्टीत इथे यायची, मला चाचा म्हणते. तिला सहा आठवडे केनियातल्या एका शाळेत शिकवायला जायचे होते. पत्र सगळ्या वडीलधाऱ्यांना होते, मलाही. मित्र म्हणाले, “तू दे किंवा देऊ नकोस, पण पोरीला उत्तर मात्र दे.”

मशिदीतल्या माझ्या एका दोस्ताला हे कळले. तो म्हणाला, “आपल्या मोहल्ल्यातली पोरं फीसाठी अडून बसलीयत, आणि तुम्ही आफ्रिकेला पैसे पाठवणार? तेही चर्चच्या पोरीला?” घरात विषय निघाला, तेव्हा बायको म्हणाली, “शिकवायलाच जाते ना ती? मग एवढा विचार कसला?”

दोघांचे म्हणणे खरे होते. दानाची सुरुवात जवळच्यापासून व्हावी, असे आमचा धर्म सांगतो. म्हणून जकात मोहल्ल्यातल्या मुलांच्या फीसाठीच गेली, दरवर्षी जाते. त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. राहिला परधर्माचा मुद्दा. तर कोल्हापुरात १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करून दिली, ती शाहू महाराजांनी. अलीगढच्या कॉलेजला पतियाळाच्या महाराजांनी पैसे दिले. हे देणारे आमच्या धर्माचे नव्हते. घेताना ज्यांचा धर्म विचारला नाही, त्यांच्याकडून एवढे शिकलोच पाहिजे की, देतानाही तो विचारू नये.

पण धर्म विचारायचा नाही, म्हणजे काहीच विचारायचे नाही, असे नव्हे. मी तिला फोन केला आणि तीन गोष्टी विचारल्या. पहिली, तुला तिथे बोलावले कुणी? दुसरी, तू परत आल्यावर तिथे काय उरेल? तिसरी, वर्गात बसायचे तर मुलाला प्रार्थना करावी लागेल का?

पहिल्याचे उत्तर तिने लगेच दिले. तिथल्या मुख्याध्यापिकेने चर्चला पत्र लिहिले होते, दोन शिक्षिका प्रशिक्षणाला जाणार होत्या, तेवढे दिवस हाताखाली कुणी हवे होते. दुसऱ्यावर ती हसली. म्हणाली, “सहा आठवड्यांत मी काय शिकवणार, चाचा? शिकवणार तिथल्याच बाई. मी वह्या तपासीन, वाचन घेईन. पुस्तकं तिथंच ठेवून येईन.” हे उत्तर मला आवडले. तिसऱ्या प्रश्नावर मात्र ती गप्प झाली. मग म्हणाली, “मला माहीत नाही. विचारून सांगते.” दोन दिवसांनी तिचा फोन आला. सकाळी प्रार्थना असते, ज्याला यायचे तो येतो. काही मुले मुसलमान आहेत, ती येत नाहीत, थेट वर्गात येतात. तिने हे गोल न फिरवता सांगितले. मी कवितावाचनाच्या मानधनातले काही पैसे तिच्या संस्थेला पाठवले. रक्कम मोठी नव्हती.

परत आल्यावर तिने सगळ्यांना हिशोब पाठवला. न मागता. त्यात एक गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी होती. जमलेल्या पैशातला सर्वांत मोठा वाटा विमानाच्या तिकिटात गेला होता. माझ्या दोस्ताने तो कागद पाहिला असता, तर तो म्हणाला असता, एवढ्यात तिथल्या बाईंचा कित्येक महिन्यांचा पगार झाला असता.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. इव्हान इलिच नावाचे एक कॅथलिक विचारवंत होते, स्वतः धर्मगुरू. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे ते बोलले. ही मुले सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करायला आलेली. इलिचनी त्यांना तोंडावर सांगितले की, बघायला या, शिकायला या, आमचे डोंगर चढा, पण मदत करायला म्हणून येऊ नका. ज्या लोकांची भाषाही तुम्हाला येत नाही, त्यांच्यावर तुम्ही आपला चांगुलपणा लादता. बोलणे कडू होते. साठ वर्षे होत आली, तरी ते भाषण स्वयंसेवकांच्या शिबिरांतून वाचले जाते, यावरून ते किती लागले असेल, हे समजावे.

मला वाटते, फरारबाईंना इलिच असे बोलू शकले नसते. त्या मराठी शिकल्या. नगरचा उन्हाळा, नगरचा दुष्काळ त्यांनी काढला. त्यांच्या वर्गणीतले तिकीट एकेरीच होते म्हणा ना. सहा आठवड्यांसाठी जाणाऱ्याने मात्र स्वतःशी आणि देणाऱ्याशी प्रामाणिक असावे. मी जग बदलायला जातो आहे, असे पत्रात लिहू नये. मी शिकायला जातो आहे, जमेल तेवढा हात लावीन, असे लिहावे. तेवढ्यासाठीही लोक पैसे देतात. तरुण माणसाने परक्या गरिबाच्या अंगणात बसून त्याच्या हातचे खावे, त्याच्या मुलाची वही तपासावी, याची किंमत असते. फक्त ती किंमत कोण मोजतो आणि लाभ कुणाला होतो, हे कागदावर स्वच्छ दिसले पाहिजे.

तुमच्या दाराशीही कधी ना कधी पावतीपुस्तक येईल. मदरशाचे येईल, मठाचे येईल, मिशनचे येईल, परदेशी निघालेल्या एखाद्या भाचीचे येईल. दार लावून घेऊ नका, आणि डोळे मिटून पावतीही फाडू नका. बसवा, चहा द्या आणि विचारा. कुणी बोलावले? मागे काय उरेल? शिकायला येणाऱ्या मुलाकडून अक्षराच्या बदल्यात आणखी काही मागणार का? ज्याचे काम सच्चे आहे, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. एखाद्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे नसेल, तर तो ते शोधून आणतो. ते घेऊन तो परत येईपर्यंत थांबायला हरकत नाही.